पुनरुज्जीवनाचा मंत्र

२०२१ च्या जुलै महिन्याच्या २३ व्या तारखेस टोकियो येथें ऑलिंपिक क्रीडोत्सवाचा उद्घाटनसमारंभ झाला. साथीच्या भयामुळें प्रेक्षागार जवळजवळ रिकामें होतें. त्या सुन्या मैदानांत राष्ट्राराष्ट्रांचीं पथकें ध्वज घेऊन येऊं लागलीं, तेव्हां तुताऱ्यांच्या थाटांत एक संचलनाचें संगीत सुरू झालें. परदेशच्या पाहुण्यांस तें जपानचें एखादें जुनें राष्ट्रीय संगीत वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु तें कोणा सेनापतीच्या गौरवार्थ रचलेलें नव्हतें. १९८६ सालीं निघालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' नांवाच्या एका टीव्ही गेमच्या आरंभीं वाजणारे ते सूर होते. आणि त्यांच्या मागून जे वाजले तेहि अशाच खेळांतले होते. मेरी कोम व मनप्रीत सिंग यांच्या हातीं तिरंगा देऊन भारताचें पथक चाललें, तेंहि याच संगीताच्या संगतीनें.

एखाद्या राष्ट्रानें जगाचें स्वागत करतांना आपल्या मुलांच्या खेळांतील सूर निवडावे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ज्या मुलांनीं ते सूर प्रथम ऐकले तीं आतां चाळिशी-पन्नाशीला पोंचलीं. कोणी शिक्षक झालीं, कोणी कारकून, कोणी आईबाप. त्यांच्या मनांत त्या खेळांविषयीं जी माया आहे, तिचें स्वरूप काय आणि ती कशावर पोसली गेली, याचा थोडासा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

गतकालाविषयींच्या अशा ओढीला पाश्चात्त्य भाषांत 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. हा शब्द ग्रीक दिसतो, पण प्राचीन नव्हे. १६८८ सालीं योहान्नेस होफर या तरुण स्विस वैद्यकविद्यार्थ्यानें बाझल येथें सादर केलेल्या प्रबंधांत 'घरीं परतणें' आणि 'वेदना' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची सांगड घालून तो बनविला. आणि त्या वेळीं तो चक्क एका रोगाचें नांव होता. मायदेशापासून दूर गेलेलीं माणसें झुरणीस लागतात, त्या झुरणीला त्यानें हें नांव दिलें. जपानी भाषेंत अशा प्रसंगीं 'नात्सुकाशिइ' हा शब्द येतो, व त्याचें मूळ लळा लागणें या अर्थाच्या क्रियापदांत आहे. एका शब्दांत वेदना, दुसऱ्यांत लळा. आपल्या 'हुरहूर' या शब्दांत दोहोंचाहि थोडाथोडा अंश उतरला आहे.

आतां प्रश्न असा, कीं ही हुरहूर कशाबद्दलची? त्यांतले नामांकित खेळ आजहि विकत मिळतात; पूर्वींपेक्षां अधिक देखणे होऊन मिळतात. मग हरवलें तें काय? याचें उत्तर हवें असल्यास त्या खेळांच्या जन्मकाळाकडे वळलें पाहिजे.

मनानें एक पात्र व्हावयाचें, त्याच्या वतीनें प्रवास करावयाचा, लढावयाचें, शहाणें व्हावयाचें, अशा प्रकारच्या खेळाला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्याचें उगमस्थान अमेरिका. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. तो चार मंडळींनीं टेबलाभोंवतीं बसून कागद, पेन्सिल व फांसे घेऊन खेळावयाचा असे. १९८१ सालीं 'विझर्ड्री' व 'अल्टिमा' या दोन खेळांनीं तीच कल्पना संगणकावर आणली. परंतु संगणक महाग, भाषा इंग्रजी आणि रीत किचकट. त्यामुळें जपानांतील सामान्य घरच्या मुलाला त्यांचें दर्शन होण्याचा संभव थोडाच.

ती वस्तु मुलांच्या हातीं दिली युजी होरी यांनीं. अवाजी बेटावर १९५४ सालीं जन्मलेले होरी हे वासेदा विद्यापीठांतून शिकून लेखनावर निर्वाह करणारे गृहस्थ. एनिक्स या कंपनीनें १९८२ सालीं खेळ रचण्याची एक स्पर्धा ठेवली, तींत त्यांनीं रचलेल्या टेनिसच्या खेळाला बक्षीस मिळालें. कोइचि नाकामुरा नांवाचा एक शाळकरी मुलगाहि त्याच स्पर्धेंत चमकला. पुढें या दोघांस आणखी दोघे येऊन मिळाले. चित्रें काढण्यास अकिरा तोरियामा हे चित्रकथाकार लाभले. ज्या 'शोनेन जंप' साप्ताहिकांत त्यांच्या चित्रकथा गाजत होत्या, त्यांतच होरीहि लिहीत असत. संगीतासाठीं कोइचि सुगियामा आले. ते पन्नाशी उलटलेले, नांवाजलेले संगीतकार. त्यांनीं एनिक्सच्या एका शोगीच्या खेळाविषयीं आपला अभिप्राय पत्रानें कळविला होता, व त्या पत्रावरून ही गांठ पडली.

त्यांच्या खेळाचें घर होतें 'फॅमिकॉम'. क्योतो येथील निन्टेंडो ही १८८९ पासून खेळण्याचे पत्ते बनवीत आलेली पेढी. तिनें १५ जुलै १९८३ रोजीं हें यंत्र १४,८०० येन किंमतीस विक्रीला काढलें. तें घरच्या टीव्हीला जोडावयाचें आणि वरच्या खांचेंत खेळाची कॅसेट बसवावयाची. येथें एक मौजेची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. जपानी लोक या खेळाला 'तेरेबी गेमु' व त्या पेटीला 'कासेत्तो' म्हणतात. आणि १९९० च्या सुमारास फॅमिकॉमच्या नकला आपल्याकडील बाजारांत आल्या, तेव्हां पुण्यामुंबईच्या मुलांनींहि, कोणीं न शिकवितां, 'टीव्ही गेम' आणि 'कॅसेट' हेच शब्द स्वीकारले. मात्र त्या कॅसेटींत उड्या मारण्याचे व गोळ्या झाडण्याचेच खेळ बहुधा असत. ज्यांत वाचावयाचें फार, आणि तेंहि जपानी लिपींत, ते कथेचे खेळ आपल्या मुलांपर्यंत क्वचितच पोंचले. म्हणून आपल्याकडील त्या पिढीला यंत्र ओळखीचें, परंतु त्यांतली ही गोष्ट परकी, असा प्रकार झाला.

२७ मे १९८६ रोजीं 'ड्रॅगन क्वेस्ट' प्रसिद्ध झाला. त्याची सारी सृष्टि, म्हणजे राजवाडे, गांवें, गुहा, राक्षस, संवाद आणि संगीत, चौसष्ट किलोबाइटांत बसविलेली होती. आज मोबाइलनें काढलेलें एखादें साधें छायाचित्रहि याहून कितीतरी अधिक जागा व्यापतें. जागेची ओढाताण एवढी, कीं जपानी काताकाना लिपींतील सगळीं अक्षरें ठेवणेंहि परवडेना. सुमारें वीसच अक्षरें निवडण्यांत आलीं, आणि राक्षसांचीं, मंत्रांचीं व गांवांचीं नांवें त्या अक्षरांच्या पोटांतून काढावीं लागलीं. पुढें साऱ्या देशाच्या तोंडीं झालेलीं नांवें अशा काटकसरींतून जन्मलीं आहेत.

होरी यांची खरी हुशारी या दारिद्र्याचा संसार नेटका करण्यांत होती. खेळाच्या आरंभीं नायक राजासमोर एका बंद दालनांत उभा असतो. तेथील पेट्या उघडाव्या, त्यांतली किल्ली घ्यावी, दार उघडावें आणि जिन्यानें उतरावें, एवढें केल्यावांचून बाहेर पडतां येत नाहीं. ज्या मुलानें असा खेळ जन्मांत पाहिला नव्हता, तो त्या दालनांतून बाहेर पडेपर्यंत खेळाची सगळी रीत शिकून गेलेला असे. बाहेर येऊन पाहतो तों पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. तो पहिल्या क्षणापासून डोळ्यांपुढें आहे. पण मधल्या पाण्यावर पूल नाहीं. तो पूल मिळविण्यासाठीं सारा मुलूख पालथा घालावा लागतो, आणि वाटेंत मरण आलें तर पुन्हां राजापुढें उभें राहून त्याचे बोल ऐकावे लागतात, शिवाय गांठीचें निम्में सोनें गमवावें लागतें. ध्येय समोर दिसावें आणि मार्ग मात्र आठवडेच्या आठवडे लांबावा, ही बालमनाला केवढी शिकवण! चित्रांत चारदोन चौकोनी ठिपके असत; उरलेलें अरण्य मुलाला स्वतःच उभें करावें लागे. मोठेपणीं त्याला जें आठवतें, त्यांतला बराच भाग पडद्यावर कधींच नव्हता.

पण या सर्वांहून अधिक आठवतो तो 'पुनरुज्जीवनाचा मंत्र'. त्या कॅसेटीला स्मरणशक्ति नव्हती. यंत्र बंद केलें कीं सारा पराक्रम पुसला जाई. म्हणून खेळ थांबवितांना राजा एक मंत्र सांगत असे. हिरागाना लिपींतलीं वीस अक्षरें, आणि तीं पांच, सात, पांच व तीन अशा गटांत मांडलेलीं. पांच-सात-पांच ही मांडणी जपानी कानाला परिचित. त्यांच्या हायकूची चालच ती. त्या निरर्थक वीस अक्षरांत नायकाचें नांव, अनुभव, सोनें आणि शस्त्रें यांचा हिशेब सांकेतिक रीतीनें भरलेला असे. दुसऱ्या दिवशीं तीं अक्षरें बिनचूक घातलीं तर काल जेथें सोडलें तेथून पुढें जातां येई. एक अक्षर चुकलें तर सगळेंच गेलें. त्या काळच्या अस्पष्ट टीव्हीवर 'ने', 'रे' आणि 'वा' हीं जपानी अक्षरें एकमेकांपासून ओळखूं येणें कठीण. 'नु' आणि 'मे' यांचीहि तीच कथा. २६ जानेवारी १९८७ रोजीं दुसरा भाग आला, त्यांत तर मंत्र कधीं कधीं बावन्न अक्षरांपर्यंत वाढे. शाळेच्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर, जाहिरातींच्या कागदांवर, मुलें ते मंत्र उतरून घेत. ज्यांचे ते कागद हरवले, वा आईनें रद्दी समजून टाकून दिले, त्यांस परिश्रम व्यर्थ जाणें म्हणजे काय याचा पहिला अनुभव बहुधा तेथेंच मिळाला असेल.

१० फेब्रुवारी १९८८ रोजीं तिसरा भाग निघाला, आणि हें कष्ट संपले. कॅसेटींतच एक बटणाएवढा विजेचा सेल बसविलेला होता. यंत्र बंद असतांहि तो आंतील चिपेला जिवंत ठेवी. मंत्राच्या जागीं 'साहसाची पोथी' आली; प्रत्येक कॅसेटींत अशा तीन. तो दिवस बुधवार, म्हणजे शाळेचा. दुकानांपुढें पहाटेपासून रांगा लागल्या. शाळा चुकवून आलेल्या शेंकडों मुलांस पोलिसांनीं हटकलें. या भागाच्या पुढें सुमारें ३८ लक्ष प्रति खपल्या. परंतु नव्या सोयीबरोबर नवें भयहि आलें. यंत्र बंद करण्यापूर्वीं एक बटण दाबून धरावें लागे. तें विसरलें, किंवा कोणाचा पाय लागून यंत्र हललें, तर कधीं कधीं पोथी पुसली जाई, आणि पुढच्या वेळीं एक अशुभ सूर वाजून तशी वार्ता पडद्यावर उमटे. जपानांत त्या पिढीच्या माणसाला तो सूर आजहि ऐकवून पाहावा!

संगीताचीहि गोष्ट अशीच. फॅमिकॉममध्यें तीन स्वर व एक खरखर, एवढेंच मुख्य वाद्यभांडार. सुगियामा यांनीं युरोपांतील अभिजात संगीताच्या धर्तीवर दोनतीन स्वरांच्या गुंफणींतून दरबार, अरण्य आणि रणभूमि उभी केली. १९८७ सालींच त्यांनीं तें संगीत टोकियोंत मैफलींत सादर करविलें, व कित्येक मुलांनीं अशा तऱ्हेनें पहिल्यांदां वाद्यवृंद ऐकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फँटसी' निघाला. हिरोनोबु साकागुची यांची रचना आणि नोबुओ उएमात्सु यांचें संगीत. १९९५ सालीं साकागुची, होरी व तोरियामा यांनीं एकत्र येऊन 'क्रोनो ट्रिगर' केला. त्यांत नायक काळांतून मागेंपुढें प्रवास करतो, व झालेलें अनिष्ट टाळूं पाहतो. १९९७ सालच्या 'फायनल फँटसी ७' पासून युग पालटलें. तीन तबकड्यांवरील त्या खेळानें चौकोनी ठिपक्यांना निरोप दिला.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. ज्या खेळांविषयीं आज हुरहूर वाटते, त्यांतले कांहीं खेळ मुळांत हुरहुरींतूनच निर्माण झाले होते. सातोशी ताजिरी हे टोकियोच्या सीमेवरील माचिदा येथें वाढले. लहानपणीं त्यांना किडे पकडण्याचा नाद होता. पण शहर पसरत गेलें, तळीं बुजलीं, झाडी तुटली, आणि किडेहि गेले. पुढील पिढीला तो आनंद मिळावा म्हणून त्यांनीं जो खेळ रचला तो म्हणजे २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं निघालेला 'पोकेमॉन'. गवतांतून चालावें, अनोळखी जीव गांठावे, मित्राशीं अदलाबदल करावी, अशी त्याची रीत. जाहिरातीच्या क्षेत्रांत ख्याति मिळविलेले शिगेसातो इतोइ यांनीं १९८९ सालीं 'मदर' नांवाचा खेळ केला. त्यांत तलवारीऐवजीं बेसबॉलची बॅट आहे, आणि प्रगति नोंदवून ठेवावयाची तर बाबांना टेलिफोन करावा लागतो. बाबा फोनवर भेटतात; घरीं कधींच दिसत नाहींत. कामावर गुंतलेल्या बापांच्या त्या देशांत या योजनेचा अर्थ मुलांस सांगावा लागला नसेल. म्हणजे एका पिढीनें आपलें बुजलेलें तळें खेळांत जपलें, आणि दुसऱ्या पिढीला आतां त्या खेळाची आठवण येते. ज्यानें खरें तळें पाहिलेंच नाहीं, त्याच्या लेखीं तो खेळच तळें होय.

हुरहूर फसवी असते, असा आक्षेप येथें कोणी घेईल, आणि तो खोटा नाहीं. त्या दिवसांत सारेंच गोड नव्हतें. नवी कॅसेट घेऊन निघालेल्या मुलांस अडवून ती हिसकावून घेण्याचे प्रकार घडले. १९९० सालीं चौथा भाग निघाला, त्या वेळीं त्याच्याबरोबर न खपणारे खेळ किरकोळ दुकानदारांच्या गळ्यांत बांधल्याबद्दल एका घाऊक व्यापाऱ्याविरुद्ध तेथील व्यापारआयोगास १९९२ सालीं निर्णय द्यावा लागला. शिवाय तो काळ जपानच्या भरभराटीचा. पुढें ती ओसरली, आणि त्याच मुलांपैकीं पुष्कळांस तरुणपणीं नोकऱ्यांच्या दुष्काळांतून जावें लागलें. ज्या खेळांत श्रम केले कीं बळ निश्चित वाढतें, त्याची आठवण अशा माणसांस अधिक गोड वाटल्यास त्यांत खेळाचा किती भाग आणि आयुष्याचा किती, हें वेगळें काढणें सोपें नाहीं. परंतु हुरहूर फसवी आहे एवढ्यावरून तिचा विषय क्षुद्र ठरत नाहीं. उलट, आठवण गोष्टी बदलते म्हणूनच मूळ वस्तु जपून ठेवण्याची निकड अधिक.

आणि येथेंच खरी चिंतेची बाब आहे. २०२३ सालीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें केलेल्या पाहणींत असें आढळलें, कीं २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आतां बाजारांत मिळत नाहींत. जपानच्या राष्ट्रीय संसद-ग्रंथालयांत असे खेळ कायद्यानें जमा होऊं लागले ते २००० च्या ऑक्टोबरपासून. त्यापूर्वींचा सारा वैभवकाळ या व्यवस्थेच्या बाहेर राहिला. क्योतो येथील रित्सुमेइकान विद्यापीठांत १९९८ पासून संग्रहाचें काम चालू झालें, हें भाग्यच. नव्या आवृत्त्या निघतात. तिसऱ्या भागाची सुंदर नवी आवृत्ति १४ नोव्हेंबर २०२४ रोजीं आली. परंतु जुन्या वाड्याच्या जागीं त्याच आराखड्यानें बांधलेली नवी इमारत पाहून जुन्या भिंतींविषयीं फारसें कांहीं कळत नाहीं. कर्ते पुरुषहि निघून चालले: सुगियामा ३० सप्टेंबर २०२१ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं वारले; तोरियामा १ मार्च २०२४ रोजीं गेले.

खेळ एक वेळ ग्रंथालयांत राहतील. पण त्या खेळांत मुलांनीं जें केलें, तें कोठें राहणार? इतिहासकाराला राजवाड्याइतकीच त्यांत राहिलेल्या माणसांची चौकशी असते. १९८८ नंतरच्या कॅसेटींतील सेल कायमचे नव्हते. कांहीं दशकेंच ते टिकतात. मग तो विझतो, आणि त्याच्याबरोबर आंतील पोथी. कपाटाच्या तळाशीं पडलेल्या कॅसेटींतून लक्षावधि मुलांचे पराक्रम, त्यांनीं नायकांस दिलेलीं नांवें, कोणी मित्राचें, कोणी धाकट्या बहिणीचें, कोणी मेलेल्या कुत्र्याचें, अशीं एकामागून एक मुकाट्यानें पुसलीं जात आहेत. नवा सेल बसवितां येतो. गेलेली नोंद परत येत नाहीं.

आणि त्याच वेळीं, १९८६ सालीं एखाद्या मुलानें वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनें लिहिलेला वीस अक्षरांचा मंत्र आजहि खरा आहे. त्याची स्वतःची कॅसेट हरवली असली तरी चालेल. त्याच आवृत्तीच्या कोणत्याहि कॅसेटींत तीं अक्षरें घातलीं, कीं त्या दिवशीं संध्याकाळीं, बहुधा जेवणाची हांक आली म्हणून, त्यानें जेथें खेळ थांबविला होता, तेथें तो नायक त्याच शस्त्रांनिशीं आणि तेवढ्याच सोन्यानिशीं उभा राहतो. ज्या युक्तीला मुलें कंटाळलीं, जिच्यापायीं तीं रडलीं, आणि जी दोन वर्षांच्या आंत मागें पडली, तीच टिकाऊ ठरली. सोयीची होती ती विझली. ताम्रपट व बखरी यांचा अभ्यास करणाऱ्यांस यांत फारसें आश्चर्य वाटणार नाहीं. हातानें उतरून घेतलेली गोष्ट टिकते, कारण उतरून घेतांना ती एकदां मनांतून गेलेली असते.

आपल्याकडे मुलें दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करतात. दिवाळी सरली कीं तो मोडतो, आणि त्याचें कोणास वाईट वाटत नाहीं, कारण माती तेथेंच असते व पुढच्या वर्षीं किल्ला पुन्हां उभा राहतो. जपानी मुलांचा तो किल्ला पाण्यापलीकडे आहे, आणि तेथें जाण्याची वाट कोणाच्या तरी जुन्या वहींत लिहिलेली आहे. म्हणून त्या देशांतील जे आईबाप आज आपल्या जुन्या घरांतली अडगळ काढावयास बसले असतील, त्यांनीं अर्थहीन अक्षरांच्या ओळी असलेलें एखादें पिवळें पान हातीं लागल्यास तें रद्दींत टाकण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्या काळीं त्यांच्या मातांस तें पान काय आहे हें ठाऊक नव्हतें. त्यांस तें ठाऊक आहे.